पायरी नसलेली सवलत

वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं आहे. मुलगी चौदा वर्षांची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी पोटात गोळा, शाळेत पोचेपर्यंत हातपाय गार. आपला नंबर यायच्या आधीच ती बाईंच्या टेबलापाशी जाते आणि हुंदके देऊ लागते. बाई मायाळू आहेत. "राहू दे गं, तू लिहून आणून दे," म्हणतात. दोन मिनिटांत मुलीचा श्वास जागेवर येतो. संध्याकाळी तिची आई बाईंना फोन करून आभार मानते.

या प्रसंगात कुणीच वाईट वागलेलं नाही. तरीही त्या दोन मिनिटांत ती मुलगी काहीतरी शिकली, आणि ते तिने शिकायला नको होतं.

काय शिकली, हे ओ. होबार्ट मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच मांडून ठेवलं आहे. त्याच्या हिशोबात भीतीचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात भीती जडते: एरवी निरुपद्रवी असलेल्या गोष्टीशी एखाद्या त्रासाची गाठ पडते. दुसऱ्या टप्प्यात ती टिकते, आणि टिकते ती टाळल्यामुळे. पळ काढला की हायसं वाटतं. हे हायसं वाटणं म्हणजेच बक्षीस, आणि ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं पुन्हा घडतं. पुढच्या वेळी बाईंच्या टेबलाकडे जाणारी मुलीची पावलं आणखी लवकर वळतील. शिवाय आज ती बोलली असती तर नेमकं काय झालं असतं, हे कळायची संधीही गेली. कदाचित आवाज कापला असता, मागच्या बाकावरचे दोघं हसले असते, आणि पाच मिनिटं संपली असती. आता ते संकट मनात अक्राळविक्राळच राहणार, कारण त्याचं माप कुणी घेतलंच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून आपण भित्र्याची थट्टा करतो. खरं तर या म्हणीत भीती कशी चालते तेच सांगितलंय. राक्षस पाठी लागतो तो पळणाऱ्याच्या.

माझं म्हणणं असं आहे. घाबरणाऱ्या माणसाला शाळेने, ऑफिसने, घरच्यांनी सवलत जरूर द्यावी. पण जिच्यासोबत पुढची पायरी लिहिलेली नाही अशी सवलत देऊ नये. आणि ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्या उपचारकांनी माणसाला पायऱ्या चढवण्याचं काम टाळू नये.

हे मी लांबून बघून बोलत नाही. एकदा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये वीसेक मिनिटं अडकलो होतो. त्यानंतर सहा वर्षं मी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. ऑफिस सातव्या मजल्यावर, जिने चढून जायचो. लोक म्हणायचे, काय फिटनेस आहे! मी हसून साजरं करायचो. भीतीला इतकं छान नाव मिळालं की ती भीती आहे, हे माझं मलाच आठवेना. मग ती लिफ्टवरून खिडकी नसलेल्या खोल्यांवर सरकली, तिथून विमानावर, तिथून आतून कडी लावायच्या बाथरूमवर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर साध्या पाण्यावरही फुंकर घालू लागलो होतो. घरच्यांनी कधी टोचून बोलून दाखवलं नाही. लांबचे प्रवास रेल्वेने आखले, हॉटेलात खालच्या मजल्यावरची खोली मागितली, बाथरूमचं दार उघडं राहिलं तर तिकडे पाठ करून बसले. त्यांच्या मायेने माझी सहा वर्षं खाल्ली असं म्हटलं तर ते दुखावतील, म्हणून घरी म्हणत नाही.

मायेच्या या टोकाला वैतागलेले लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात: ढकला. पाण्यात फेकलं की पोहता येतं. कुत्र्याला घाबरतो काय, बांधा त्याच्याच शेजारी. उभं करा स्टेजवर, रडेल आणि गप्प होईल. या पद्धतीने 'घडलेले' लोक आपली गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. जे गटांगळ्या खाऊन वर आले आणि पुन्हा आयुष्यात पाण्याकडे फिरकले नाहीत, ते गोष्टी सांगायला येत नाहीत; त्यामुळे हिशोब एकाच बाजूचा लागतो. मग वाद रंगतो तो 'हल्लीची पिढी नाजूक' आणि 'आधीची पिढी निर्दय' असा. या वादाचा मला मनापासून कंटाळा आला आहे, कारण तिसरी वाट कधीचीच माहीत आहे.

किती जुनी? इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना बेडकाला घाबरणाऱ्या मुलाचं काय करावं ते सांगितलं आहे. आधी दुसऱ्या कुणीतरी बेडूक पकडून बराच लांब ठेवावा आणि मुलाला नुसतं बघायची सवय होऊ द्यावी. ते जमलं की जवळ येऊन त्याची उडी बघावी. मग दुसऱ्याने हातात घट्ट धरलेला असताना हलकेच बोट लावावं. असं करत करत मूल तो बेडूक एखाद्या फुलपाखरासारखा हाताळू लागेल. जर्मन कवी गटे याने तरुणपणी, स्ट्रासबुर्गला शिकत असताना, उंचीची भीती घालवायला तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याचं टोक गाठलं, आणि भीतीचं काही वाटेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाठत राहिला. हा मनोरा १४२ मीटरचा. तो गटे होता. बाकीच्यांनी बेडकापासून सुरुवात केलेली बरी.

पण एखाद्या शहाण्या माणसाला सुचणं वेगळं आणि तपासून बघितलेलं वेगळं. तपासण्याची गोष्ट सुरू होते ती जरा लाजिरवाण्या जागी. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी 'अल्बर्ट' या टोपणनावाच्या, वर्षही न भरलेल्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती लावून दाखवली. बाळ उंदराला हात लावायला गेलं की मागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. भीती जडली, उंदरावरून सशासारख्या इतर केसाळ गोष्टींवरही पसरली. ती काढण्याआधीच बाळाला तिथून नेण्यात आलं. मानसशास्त्राचं पहिलं पुस्तक उघडलेल्या प्रत्येकाला हा अल्बर्ट माहीत असतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने भीती घालवून दाखवली, तिचा पीटर मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. भीती लावणारा प्रयोग प्रसिद्ध आणि काढणारा अडगळीत, यावरून आपल्याला कशात रस असतो ते दिसतं.

जोन्सबाईंचं काम पुन्हा वाचण्यासारखं आहे. पीटर तीन वर्षांचाही नव्हता, सशाला घाबरायचा. तो आवडीचं काही खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार टोकाला आणायचा, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्याच अंतरावर. दिवसेंदिवस अंतर कमी करायचं. ससा खोलीत कुठेही असला तरी रडणं, ही सुरुवात. सशाला आपली बोटं कुरतडू देणं, हा शेवट. मधल्या सगळ्या पायऱ्या बाईंनी नोंदवून ठेवल्या. मधेच पीटर आजारी पडला, दोनेक महिने आला नाही, आणि परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आल्याने भीती पुन्हा पहिल्या जागी गेली. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. उपचारात मागे घसरणं धरलेलंच असतं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या या पहिल्या नोंदीतच आहे.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट छापली, आणि माझ्या लेखी ती ससा-प्रकरणाहून मोलाची आहे. मुलांची भीती घालवायचे जे जे उपाय मोठी माणसं करतात, ते त्यांनी एकेक करून बघितले. समजावून सांगणं. चिडवणं. घाबरवणारी वस्तू कित्येक दिवस नजरेआड ठेवणं, म्हणजे मूल आपोआप विसरेल. यातल्या कशाचाही भरवसा देता आला नाही. भरवशाचे ठरले दोनच उपाय: आवडत्या गोष्टीच्या सोबतीने हळूहळू जवळ नेणं, आणि न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवणं. आज घराघरांत काय चालतं? समजावणं, चिडवणं आणि नजरेआड ठेवणं.

मोठ्या माणसांच्या उपचाराचं श्रेय जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरकडे जातं. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता आणि लढाईने मनातून मोडलेले जवान त्याच्यासमोर यायचे. औषधाच्या गुंगीत त्यांच्याकडून त्या आठवणी वदवून घ्यायच्या, म्हणजे मन मोकळं होईल, अशी तेव्हाची समजूत. मनं काही मोकळी होईनात. युद्धानंतर जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्याने मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचे धक्के बसलेली मांजरं पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावेनात. मग पिंजऱ्याच्या खोलीशी अगदी थोडं साम्य असलेल्या खोलीत त्यांना खायला दिलं, मग जरा जास्त साम्य असलेल्या, शेवटी त्याच पिंजऱ्यात. (आज असा प्रयोग कुठली नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.) माणसांसाठी त्याने अन्नाच्या जागी स्नायू सैल सोडण्याचं तंत्र घेतलं. एडमंड जेकबसन या डॉक्टरने ते आधीच बसवलेलं होतं. १९५८ मध्ये वोल्पेचं पुस्तक आलं आणि 'सिस्टेमॅटिक डीसेन्सिटायझेशन' हे नाव रूढ झालं. मराठीत कुणी त्याला क्रमशः असंवेदनीकरण म्हणतं. शब्द बोजड आहे आणि फसवाही, कारण त्यातून माणूस निबर होतो की काय असं वाटतं. मी लिफ्टच्या बाबतीत निबर झालेलो नाही. लिफ्टविषयी मला जास्त माहिती झाली आहे, एवढंच.

काम सोपं वाटतं. घाबरवणाऱ्या प्रसंगांची यादी करायची. प्रत्येकाला ० ते १०० मधला आकडा द्यायचा; ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे कल्पनेतली पराकाष्ठेची भीती. चढत्या क्रमाने लावायचे. अंग सैल सोडायला शिकायचं. मग सगळ्यात खालचा प्रसंग डोळ्यासमोर आणायचा, घाबरगुंडी उडाली तर थांबायचं, पुन्हा आणायचा, तो सोसला की वरचा. यातली मोठी गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते: आकडा रुग्ण देतो. डॉक्टरला क्षुल्लक वाटणारा प्रसंग ८० वर असू शकतो. माझ्या यादीत चालत्या लिफ्टपेक्षा थांबलेली, दार न उघडलेली लिफ्ट वर होती. तीन सेकंदांचा तो विलंब. हे बाहेरून कुणालाही ओळखता आलं नसतं. ढकलणाऱ्यांचं गणित नेमकं इथे चुकतं. त्यांना वाटतं पायरी एकच आहे आणि तिची उंची त्यांना माहीत आहे.

वोल्पेने आपल्या २१० रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के बरे झाले किंवा खूप सुधारले असं जाहीर केलं होतं. आपणच उपचार करायचे आणि आपणच गुण द्यायचे, अशा आकड्यावर मी तरी फार विसंबणार नाही. पण १९६६ मध्ये गॉर्डन पॉल या मानसशास्त्रज्ञाने सभेत बोलायला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट पाडून, पाच-पाच बैठका देऊन तुलना केली. पायऱ्यांचा उपचार घेतलेले सर्वांत पुढे गेले. भीतीच्या मुळाचा शोध घेणाऱ्या संवादाचा उपयोग नुसतं लक्ष देऊन खोटी गोळी देण्याइतकाच झाला. हा निकाल अनेकांच्या पचनी अजून पडलेला नाही. आपल्याला मूळ शोधायला आवडतं. बालपणी काय झालं, कुणी रागावलं होतं का, हे कळलं की गाठ सुटेल असं वाटतं. मला माझ्या भीतीचं मूळ तारखेसकट माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. मुळाचा शोध घेणाऱ्या मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या खुद्द फ्रॉइडनेही १९१९ मध्ये लिहून ठेवलं आहे की भयगंडाच्या, म्हणजे फोबियाच्या बाबतीत रुग्ण आपणहून धीर करील याची वाट बघत बसलं तर काम होत नाही. त्याला त्या गोष्टीला सामोरं जायला लावावं लागतं.

पुढच्या संशोधनाने वोल्पेच्या पद्धतीतलंही बरंच काढून टाकलं. अंग सैल सोडणं अनेकदा गरजेचं नसतं. काम करतं ते सामोरं जाणं. डोळे मिटून कल्पना करण्यापेक्षा शक्य तिथे प्रत्यक्ष गोष्ट बरी. म्हणून आता सर्रास 'एक्स्पोजर' हाच शब्द वापरतात. हळूहळू म्हणजे वर्षानुवर्षं, असंही नाही. स्वीडनच्या लार्स-यॉरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये एकाच, जास्तीत जास्त तीन तासांच्या बैठकीत कोळी किंवा साप यांसारख्या ठरावीक गोष्टींच्या भीतीवर उपचार मांडला. पायऱ्या त्यातही आहेत, फक्त त्या एकाच दुपारी चढायच्या. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांच्या बाबतीत तर 'शांत हो, अंग सैल सोड' हा सल्ला उलटतो. त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग झपकन खाली येतो. अंग सैल सोडलं तर ते लवकर पडतील. त्यांना हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात. 'शांत हो' हे वाक्य जगात सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात कमी विचार करून दिलं जाणारं औषध असावं.

आणि भीती पुसली जात नाही. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणि मिशेल क्रॅस्क या संशोधिकेच्या माणसांवरच्या कामातून हे चित्र स्पष्ट झालं आहे. जुनी शिकवण जागेवरच राहते, तिच्या शेजारी नवी तयार होते, आणि कुठल्या वेळी कुठली वर येईल यावर सगळं अवलंबून असतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये धीट झालेला मी एका अनोळखी इमारतीतल्या जुनाट, जाळीच्या लिफ्टसमोर पुन्हा घामेजून उभा होतो. म्हणून सराव अनेक ठिकाणी, अनेक वेळी, एकट्याने आणि कुणाच्या सोबतीने करावा लागतो. ताईत सोडून करावा लागतो. ताईत म्हणजे पाण्याची बाटली, हातातला फोन, खिशातली ती एक गोळी जी वर्षानुवर्षं कुणी गिळत नाही पण घरी विसरली तर परत फिरतात. ती जवळ असेपर्यंत मन म्हणत राहतं की वाचलो ते बाटलीमुळे. माझ्या पायऱ्यांमध्ये 'फोन खाली ठेवून' ही वेगळी पायरी होती, आणि ती ७० वर होती.

गोळ्यांचाही विषय इथेच उरकतो. तात्काळ शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या हायसं वाटण्याचं तेच बक्षीस देतात. वारंवार येणाऱ्या पॅनिक अटॅकच्या विकारात त्या देऊ नयेत, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. नैराश्यावरच्या गटातली काही औषधं चिंतेवर वेगळ्या रीतीने काम करतात, त्यांच्याबद्दल माझं हे म्हणणं नाही. आणि कुठलीही चालू गोळी डॉक्टरला न विचारता बंद करू नये. बेन्झोडायझेपिन अचानक सोडणं धोक्याचं असतं.

मग इतका तपासलेला उपाय मिळत का नाही? याचं एक उत्तर उपचारकांना आवडणार नाही. एक्स्पोजर कमी वापरलं जातं, हे या क्षेत्रातले संशोधकच कित्येक वर्षं सांगत आहेत. रुग्ण कोलमडेल, उपचार अर्धवट टाकून जाईल, माझ्यावर चिडेल, ही उपचारकाची धास्ती. म्हणजे रुग्ण लिफ्ट टाळतो आणि उपचारक रुग्णाची भीती टाळतो. खुर्चीत बसून बोलणं दोघांनाही सुखाचं. एका ठिकाणी मी सात-आठ महिने दर आठवड्याला जाऊन बोलत होतो. बोलणं छान व्हायचं. ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि मी दर वेळी जिन्याने जायचो. इमारतीला लिफ्ट होती. तिचा विषय महिनोन्महिने निघाला, पण उठून तिच्यापर्यंत जाऊ, असं आम्हा दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही. पुढे ज्या बाईंकडे बरा झालो, त्या दुसऱ्याच भेटीत चपला घालून म्हणाल्या, "चला, लिफ्ट बघून येऊ. आत जायचं नाही, नुसती बघायची." मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या रुग्णांना 'आता हात न धुता बसू' असं सोबत बसून म्हणणारा माणूस लागतो. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये ते करून दाखवलं, तोवर हा आजार जवळपास असाध्य मानला जायचा.

दुसरं उत्तर घराशी निगडित आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी चिंतातुर मुलांच्या फक्त पालकांना शिकवायचं ठरवलं. मुलाला धीर द्यायचा, पण त्याच्या भीतीसाठी घराचे नियम वाकवणं हळूहळू बंद करायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२४ मुलांच्या चाचणीत हा उपाय मुलांवर थेट केलेल्या उपचारापेक्षा कमी पडला नाही. मूल उपचारकाच्या खोलीत न जाता बरं होऊ शकतं, कारण भीतीला रोज खाऊ घालणारे हात दुसऱ्याचे असतात. हे वाचून पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये. ते हात थांबले की फरक पडतो, ही बातमी चांगली आहे.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला. प्रत्येक भीती हा आजार नसतो. शाळेत मारलं जाणारं मूल शाळेला घाबरतं, तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर असतं. तिथे मारणाऱ्याला आवरायचं असतं, मुलाला सरावायचं नसतं. घरात हिंसा सोसणाऱ्या बाईला पायऱ्या शिकवू नका, दार उघडून द्या. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच: धोका खरा किती आणि भीती किती? या दोन्हींत मोठी तफावत असेल तरच हा उपचार. दुसरा. मोठा आघात सोसलेल्या माणसाने त्या आठवणींकडे पुन्हा जाणं हे मित्राने किंवा शिक्षकाने हौसेने करायचं काम नाही. एडना फोआ यांनी बसवलेली त्यासाठीची पद्धत आहे आणि ती शिकलेल्या माणसाच्या हातातच शोभते.

तिसरा सर्वांत जड. वर्तनोपचाराचा, म्हणजे वागणं बदलून बरं करण्याच्या या सगळ्या पद्धतींचा इतिहास स्वच्छ नाही. १९६० च्या दशकात समलिंगी पुरुषांना 'बरं' करण्यासाठी याच शास्त्राच्या नावाने विजेचे धक्के आणि ओकारीची औषधं दिली गेली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ मध्ये. एखाद्याला काय नकोसं वाटावं आणि काय हवंसं, हे दुसऱ्याने ठरवलं की तेच तंत्र छळाचं हत्यार होतं. म्हणून मी संमतीला शिष्टाचार मानत नाही, यंत्रणेचाच भाग मानतो. पायरी कुठली, आज चढायची की उद्या, थांबायचं कधी, हे ज्याची भीती त्याने ठरवायचं. उपचारकाने, पालकाने, शिक्षकाने एवढंच म्हणायचं की शून्य पायऱ्या हा पर्याय आज यादीत नाही. ही रेघ बारीक आहे, मान्य. ढकलणं आणि सोबत चढणं यांतला फरक बाहेरून नेहमी दिसत नाही. आतून मात्र लगेच कळतो.

सवलत देणारे एक गोष्ट आवर्जून विचारतात: निदान आधी सूचना तर द्यावी ना, पुढे त्रासदायक मजकूर आहे म्हणून? द्या, सौजन्य म्हणून. पण तिच्याकडून उपचाराची अपेक्षा करू नका. अशा सूचनांवरच्या प्रयोगांचं २०२३ मध्ये एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. सूचना वाचल्याने पुढचा त्रास कमी होत नाही, फक्त वाट बघतानाची अस्वस्थता वाढते, असं त्यात निघालं. जिन्याच्या तोंडाशी 'पुढे पायऱ्या आहेत' अशी पाटी लावल्याने कुणी चढायला शिकत नाही.

तर त्या मुलीच्या हाती बाईंनी काय द्यायला हवं होतं? माझ्या मते एक कागद. या वेळी लेखी चालेल, हे त्यावर पहिलं. त्याखाली तारखांसकट: दोन आठवड्यांनी तोच मजकूर घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचा. मग मधल्या सुट्टीत फक्त बाईंसमोर. मग दोन मैत्रिणींसमोर, बसून. मग अर्ध्या वर्गासमोर एक मिनिट. प्रत्येक ओळीपुढे रिकामी जागा, मुलीने आकडा लिहायला. गुण उत्तम बोलण्याला नाहीत. उभं राहिल्याला आहेत, आवाज कापला तरी. सवलतीच्या प्रत्येक पत्रावर, ते शाळेचं असो की ऑफिसचं, 'पुढची पायरी' आणि 'केव्हा' हे दोन रकाने छापलेले असावेत. इतक्या साध्या बदलाला पैसे लागत नाहीत. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात बाईंचा वेळ मात्र लागतो, आणि तो कुठून आणायचा हे शाळेने ठरवायचं आहे; नुसत्या बाईंच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

ओळखीच्या एका शिक्षिकेला मी हे सगळं बोलून दाखवलं. तिने तिच्या वर्गातल्या एका मुलीसाठी असा कागद खरोखरच केला आणि पायऱ्या स्वतःच लिहिल्या. मुलीने तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी आणला तेव्हा चौथी ओळ पेनाने खोडलेली होती. तिच्या जागी तिने लिहिलं होतं: 'आधी फळ्याकडे तोंड करून बोलेन.' शेजारी आकडा, ४५.